मेणाचा पाय

"लुच्चा हाय तो, लुईस. देवाच्या नावावर मानसं मारतो." पॉलिनने इंजेक्शनचा डबा धाकट्या भावाच्या उशाशी आदळला.

लुईसने मान फिरवली. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. खोलीभर वास होता. डॉक्टरांनी पाय वाचवायला आठवड्याची मुदत दिली होती, त्यातले पाच दिवस गेले. आचोळ्याच्या एका हॉलमध्ये प्रार्थना घेणारा नवा उपदेशक म्हणाला होता, औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. लुईसने त्याच दिवसापासून इन्सुलिन सोडलं.

पॉलिन पाचूबंदरच्या चर्चमधली धर्मशिक्षणाची बाई. तीस वर्षं पोरांकडून प्रश्नोत्तरं घोकून घेतलेली. असल्या उपदेशकांचा तिला भारी तिटकारा. घरोघरी फिरून तिने बायकांना बजावलं होतं, त्यांची पत्रकं चुलीत घातली होती. तरी त्याने तिच्या सख्ख्या भावालाच गाठलं.

"बाय, तू मना सांगते?" लुईस हसला. "चार वर्साचा होतो. ह्योच पाय कापनार होते. कोनी वाचवला?"

पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्या प्रसादाची, तयारी करणाऱ्या मुलांना पॉलिन दरवर्षी हीच गोष्ट सांगायची. डॉक्टरांनी हात टेकले, आईने नवस बोलला, सणाला चर्चमध्ये मेणाचा पाय वाहिला आणि पोर उठून चालू लागलं. मुलं डोळे विस्फारून ऐकायची. लुईस लहानपणी स्वतःच वर्गात उभा राहून पाय दाखवायचा. तापात भ्रमिष्ट झालेल्या त्या पोराला खरं काय झालं ते आठवतही नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. त्यांनी चौदा दिवस पेनिसिलीन टोचलं होतं. तेवढंच तिने गोष्टीतून गाळलं. मुलांची श्रद्धा पक्की होते, मग बिघडलं कुठे, असं तिला वाटायचं. आता मात्र तिला स्वतःची किळस आली.

ती त्याच्या पायाशी बसली. पापनिवेदनाला बसावं तशी तिची मान खाली होती.

"तवा इंजेक्शनं दिली होती, लुईस. चौदा. मीच कडेवर न्यायची तुला. पोरांना सांगताना ती मी गाळली. तुलाबी कधी सांगितलं नाय. क्रूसाची शपथ."

लुईसचे डोळे भरून आले. मग त्याने डबा हळूच तिच्याकडे सरकवला.

"उपदेशकांनी मना सांगितलंच होतं, बाय. तुझा विश्वास मोडायला तुझ्याच घरचं मानूस खोटी शपथ घेईल."