तेल करपल्याचा वास

"प्रकृती ठणठणीत आहे. पुढची दुरुस्ती चार वर्षांनी. बंद करण्यास परवानगी नाही," ट्रान्सफॉर्मर तिसऱ्यांदा म्हणाला.

मुख्य अभियंता हेमलता गावंडे यांनी कपाळावर हात मारला. भर दुपारी उपकेंद्राच्या आवारात उभ्या राहून त्या एका यंत्राची मनधरणी करत होत्या. शेजारी उभे असलेले वायरमन सुभान तडवी मात्र ठाम होते. "मॅडम, तेल करपल्याचा वास येतोय. हा फुटणार. भिंतीपलीकडे अंगणवाडी भरलीय."

"ऐकतोस ना?" बाई यंत्रावर खेकसल्या. "वास येतोय."

"वास ग्राह्य धरला जात नाही."

हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. पूर्वी जो तो मनाला येईल तेव्हा वीज बंद करायचा, म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी माणसांच्या हातातलं बटणच काढून टाकलं होतं. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

शेवटी वैतागून बाईंनी बाजूची पेटी उघडली आणि सेन्सरची वायर उपटली. काहीच कळेनासं झाल्यावर यंत्राने आपणहून प्रवाह तोडला.

संध्याकाळी झाकण उघडलं, तेव्हा आतल्या तारांवर गुंडाळलेला वेष्टणाचा कागद जळून कोळसा झाला होता.

बाईंच्या फोनवर वीज कंपनीच्या यंत्रणेचा प्रश्न आला: बिघाड कोणत्या उपकरणाने ओळखला?

"तडवींच्या नाकाने," त्यांनी लिहिलं.

"असे उपकरण यादीत नाही."

बाईंनी दात-ओठ खात यादी उघडली आणि नवी नोंद केली: सुभान तडवी. अधिकार, बंद करण्याचा.