फायबर वाढवा

वेल्डरचं पोट वर्षभर दुखत होतं आणि डॉक्टर प्रत्येक खेपेला एकच सांगत होते, "फायबर वाढवा." आजही त्यांनी मान वर न करता तेच सांगितलं.

वेल्डरने टेबलावरून झेप घेऊन त्यांची कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. चष्मा फुटला, ओठ फाटला, खुर्चीसकट डॉक्टर खाली आपटले. "गुरासारखा कोंडा खातोय मी, अजून काय खाऊ?" म्हणत तो त्यांच्यावर चढून बुकलतच राहिला. जिवाच्या आकांताने डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्याचं पोट मागे रेटलं.

रेटता रेटता त्यांचे हात एका जागी थबकले. तोंडातलं रक्त गिळून ते म्हणाले, "अहो, ही गाठ कधीपासून आहे?"