गार सार

प्रेमानंदने बर्फातलं पातेलं बाहेर काढलं आणि तळाला हात लावून पाहिला. आता गार झालं होतं. काकडी आणि उकडलेला दुधी वाटून, फडक्यातून गाळून केलेलं पातळ सार. तिखट नाही, आंबट नाही, मीठसुद्धा बेताचं. गोव्याहून बर्फात घालून आणलेली कोळंबी त्याने उकडून अगदी बारीक केली होती. ती चमचाभर साराच्या मधोमध ठेवून वाटी घेऊन तो बाहेर आला.

बाहेरच्या खोलीत पिराजी उशीला टेकून बसला होता. घशातल्या गाठीसाठी दवाखान्यात किरणांचा शेक दिल्यापासून त्याला गरम काही गिळवत नव्हतं. भाकरी सुटली, वरण सुटलं. शेवटी भागाबाईने मुलाला फोन केला, "तुझा बाप जेवंना झालाय." प्रेमानंद रजा टाकून बिदरला, मैलूरच्या घरी आला.

बापासाठी रांधायची त्याची ही पहिलीच वेळ. डिप्लोमा अर्धवट सोडून तो गोव्याच्या हॉटेलात लागला, तेव्हा पिराजी चारचौघांत म्हणाला होता, "लोकांची ताटं भरायला शिकवलो व्हय तुला? मी तिथं पाऊल ठिवणार न्हाई." प्रेमानंदने दोन-तीनदा बोलावून पाहिलं. मग बोलावणंच बंद केलं. बापाने आपल्या हातचा घास कधी खाल्ला नाही, हे तो हॉटेलातल्या सोबत्यांना हसत हसत सांगायचा.

त्याने चमचा पुढे केला. पिराजीने डोळे मिटून घोट घेतला. गिळताना कपाळावर आठी आली नाही. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. भागाबाई दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"जमतंय का, अप्पा?"

"हे मी खाल्लोय," पिराजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझ्या हाटेलात."

प्रेमानंदला वाटलं, दुखण्यात बोलतोय.

"दसऱ्याला नागपूरला चाललो म्हणून घरात सांगितलो, आन् गोव्याला आलो. वाढणाऱ्याला म्हणलो, प्रेमानंद जे करतो ते आण. त्यानं हेच आणलं. लई ग्वाड लागलं."

"मग मला बोलावलं कामून न्हाईत?"

"बोलावलो की. बिदरहून माणूस आलाय म्हणून सांग, म्हणलो."

"बाप आलाय म्हणून सांगायचं ना, अप्पा."

"तू भाईर आलास की दिसंलच, म्हणलो." पिराजीने मान वळवून आणखी एक घोट मागितला. "वाढणारा आत जाऊन आला. म्हणला, कामात हाय. लई टाइम बसलो. मग म्हणलो, उगं कामून खोळंबा करायचा तुझ्या कामाचा."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उरलेलं सार त्याने वाटी तोंडाला लावून संपवलं.

प्रेमानंद तो दिवस आठवू लागला. दसरा आठवला, गर्दी आठवली, पण तो निरोप काही केल्या आठवेना. भेटायला कुणी आलं की 'कामात आहे म्हणून सांग', असं तो रोजच म्हणत असे.