सहा दात

"उघड बघू," दीपा म्हणाली. पुतूने तोंड उघडलं, आणि दीपाचा कानस धरलेला हात जागीच थांबला.

वरचे समोरचे सहा दात. चार पुढचे आणि दोन सुळे. हेच घासायचे होते. पण घासायला उरलं होतं काय? सुळ्यांना टोक नव्हतं. पुढचे चारही सपाट झालेले, आतला पिवळा थर उघडा पडलेला. अठरा वर्षांची पोर. हाडांच्या कॅन्सरच्या कळा सोसत वर्षभर झोपेत करकरा दात खाऊन तिने ते स्वतःच संपवले होते.

"कादेक, हे झिजलेत गं सगळे."

कादेक, पुतूची आई, पलंगाच्या पायथ्याशी पाण्याचा वाडगा घेऊन बसली होती. ती बालीची. शंतनूशी लग्न होऊन वीस वर्षं झाली; मराठी ती सासूच्या स्वयंपाकघरात शिकलेली.

"माहितीये," ती म्हणाली. "ते दुखण्याने झिजले. विधीने नाही."

बालीतल्या हिंदूंमध्ये मूल वयात आलं की आईबापांनी त्याचे हे सहा दात घासून घ्यायचे. सहा दात म्हणजे षड्रिपू. न घासता माणूस गेला, तर पितरांत त्याला जागा नाही. म्हणून कादेकने दोन वर्षांपूर्वी, पोर धडधाकट असताना, दीपाला विचारलं होतं. दीपा मैत्रीण, त्यात डेंटिस्ट. इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये, आणखी कोणाला विचारणार? पण दीपा खेकसली होती, "वेड लागलंय का तुला? एनॅमल म्हणजे काय नख आहे, परत वाढायला? माझं लायसन्स जाईल. हिच्या लग्नाच्या वेळी बघू." लग्नाच्या वेळी! आज सकाळी हॉस्पिसची नर्स सांगून गेली होती, आठवडा धरू नका.

"दीपा, करून टाक ना यार," दारातून शंतनू म्हणाला. त्याने फोन आत धरला होता आणि तोंड मात्र पॅसेजकडे फिरवलं होतं. फोनवर बालीतले पुरोहित मंत्र म्हणत होते. इथे संध्याकाळ, तिकडे उद्या उजाडलेला.

"हे सहा गेले की ती शांत होईल," कादेक म्हणाली. "मग झोपेत घासणार नाही. सुखाने जाईल." तिने वाडग्यातलं तीर्थ लेकीच्या पायांवर शिंपडलं. "पहिला. काम."

दीपा पलंगावर वाकली. कादेककडे तिची पाठ होती. तिने पहिल्या दाताला कानस नुसती टेकवली, तर चादरीखाली पुतूचे पाय आखडले. डोळ्यांतून पाणी आलं.

"मावशी, स्टॉप," ती कुजबुजली. "प्लीज. पण आईला सांगू नकोस."

"अगं, मग काय करू मी?"

"आवाज काढ."

दीपाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताचा अंगठा तिच्या ओठांजवळ नेला आणि स्वतःच्या नखावर कानस ओढली. खर्र. खर्र. पांढरी पूड पुतूने हनुवटीखाली धरलेल्या शहाळ्यात पडली. दातांचा चुरा झेलायला पिवळं शहाळं लागतं; ते गावभर शोधून मिळालं नाही, म्हणून कादेकने पांढऱ्यालाच हळद फासली होती.

"क्रोध," कादेक म्हणाली.

खर्र.

"लोभ."

"लोभ कसला?" पुतू पुटपुटली. "चमचाभर आइस्क्रीम जात नाही."

"बोलू नकोस, राणी. मोह. मद."

दीपा घासत राहिली. आपण दोन वर्षांपूर्वी पाच मिनिटं काढली असती तर? नुसती कानस फिरवायची होती, या पोरीने हसत करून घेतलं असतं. तिला स्वतःची विलक्षण चीड आली.

"मत्सर. शेवटचा."

पुतूने दीपाचं मनगट धरलं. बोटं गार होती. "हा खरा आहे, मावशी. माझ्या सगळ्या फ्रेंड्स डॉर्मवर गेल्या. रोज फोटो टाकतात. आय हेट देम. हा खराच घास."

दीपाने कानस त्या सुळ्याशी नेली. पुतूने डोळे मिटले, सगळं अंग ताठ केलं. नुसत्या स्पर्शाने तिच्या घशातून असा आवाज निघाला की दारातला फोन हलला. दीपाने हात मागे घेतला आणि परत आपल्याच नखावर जोर लावला. खालचं मांस लागलं तरी ती थांबली नाही.

"झालं," ती म्हणाली.

कादेकने लेकीपुढे आरसा धरला. रीतच होती तशी.

"मस्त," पुतू म्हणाली. "एकदम सरळ."

कादेक हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. शहाळं दोन्ही हातांनी उचलून ती बाल्कनीत गेली आणि देव्हाऱ्यामागच्या मोठ्या कुंडीत माती उकरून तिने ते पुरलं. पुरोहितांनी आशीर्वाद दिला, शंतनूने फोन बंद केला. दीपाने पुतूच्या जिभेखाली औषधाचे थेंब सोडले. पाच मिनिटांत पोरीचा डोळा लागला. दीपा अंगठा मुठीत दाबून एका हाताने पेटी आवरू लागली.

कादेक आत आली. तिच्या हातांना माती होती, आणि ती अजून हसत होती.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. करकर, करकर. पुतूचा जबडा झोपेत हलत होता.

कादेक उभ्या जागी ऐकत राहिली.

"सहाही झाले ना गं, दीपा?"

"झाले."

"मग आता काय घासते ती?"