हट्टी स्पीकर

"अहो, आणखी एक ॲम्प्लिफायर? हाही नाही चालला, तर हे कपाटाएवढे स्पीकर भंगारात!" नलूताईंनी नवऱ्याला बजावलं.

वसंतरावांचे स्पीकर लेच्यापेच्या ॲम्प्लिफायरला दादच देत नसत. मागच्याने तर तबल्याच्या पहिल्या थापेलाच धूर सोडून लोटांगण घातलं होतं. हा नवा मात्र स्पीकरांना पुरून उरला. पण तापायचा असा, की नाशिकच्या थंडीत भिंतीवरच्या पाली शेकायला भोवती जमल्या.

"वाजतोय झकास, पण ही शेगडी घरात नको. परत करा."

वसंतरावांनी हिरमुसून शेवटची तबकडी लावली. एरवी गाण्यापासून पळणाऱ्या नलूताई दुखरे गुडघे शेकायला जवळ टेकल्या, त्या तबकडी संपली तरी उठेनात.

"दुसरी बाजू लावा की! गुडघ्यांसाठी म्हणतेय हो."

त्यांची बोटं मात्र गुडघ्यांवर ठेका धरून होती.