धरलेली जागा

एसटी फलाटाला लागते न लागते तोच लोकांनी खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे, पिशव्या आत फेकायला सुरुवात केली. सावनेरच्या गाडीत जागा धरायची ती अशीच. धरमपेठेतून रोज सावनेरच्या कचेरीत जाणारा मुकुंद ह्या विद्येत आता तरबेज झाला होता. त्यानेही रुमाल टाकला, डब्याची पिशवी सांभाळत रेटारेटीतून आत शिरला, खिडकीपाशी बूड टेकवलं आणि रुमाल खिशात घातला. तेवढ्यात खिडकीतून हिरव्या बांगड्यांचे दोन हात आत आले. हातांत एक तान्हं पोर होतं.

"धरा जी भाऊ. बाजूच्या सीटवर ठेवा याले. मी आलीच दरवाज्यातून."

नाही म्हणायला सवडच नव्हती. पोर मांडीवर आलं आणि हात दिसेनासे झाले.

बाजूची मधली जागा मुकुंदने इमानाने राखली. "कोणी आहे का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने पोर दाखवलं. पण आई काही येईना. घंटी झाली, गाडी स्टँडबाहेर पडली, सदरची वस्ती मागे पडली, तरी येईना.

"बाळाची आई आली का हो मागे?" मुकुंद ओरडला. मधे उभ्या माणसांची भिंत होती आणि इंजिन तर कानाशीच घरघरत होतं. मागून कोणी ओ दिली नाही.

"कायची येते आता थे," सीटच्या टोकाला बसलेले म्हातारे कास्तकार म्हणाले. रुपराव त्यांचं नाव. "चेहरा पाह्यला काय तुम्ही तिचा?"

मुकुंदने फक्त बांगड्या पाहिल्या होत्या.

"मंग झालं! आता ठाण्यात जा अन् लिहून द्या. पोरगं कोणाचं, तुमच्याजवळ कसं, हजार गोष्टी पुसतात. माह्या साळ्यानं सापडलेली बकरी नेऊन देल्ली, तं त्यालेच दिवसभर बसवून ठेवलं. हे तं पोरगं हाय."

मुकुंद तसा पापभीरू, पण पापापेक्षा पोलिसाला जास्त भिणारा. साहेबाला काय सांगायचं? घरी बायकोला काय सांगायचं? खिडकीतून कोणी दिलं म्हणून? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. समोरच्या दोघी बायका आताच आपल्याकडे वळून वळून बघताहेत असं त्याला वाटलं. पोर मात्र मजेत होतं. त्याने मुकुंदचं बोट मुठीत धरलं होतं आणि शर्टाची गुंडी ते चोखत होतं.

कोराडी आलं. गाडीचा वेग कमी झाला तसं मुकुंदचं मन भराभर चालू लागलं. गाडीत एवढी माणसं आहेत, कंडक्टर आहे, कोणीतरी बघेलच. आपण इथे उतरून मागून येणाऱ्या गाडीने जाऊ. त्याने खिशातला रुमाल काढून मधल्या जागेवर अंथरला, त्यावर पोराला निजवलं आणि हलकेच आपलं बोट सोडवून घेतलं.

"जरा बघता का याच्याकडे? मी आलोच," तो रुपरावांना म्हणाला.

रुपरावांनी त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग पाय आवरून त्याला वाट दिली.

तो दोन पावलं गेला असेल नसेल. उतरणाऱ्या गर्दीला उलटं रेटत, मागच्या दाराकडून एक बाई पुढे आली. केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. आणि हातांत हिरव्या बांगड्या.

"पायरीवरच लटकून होती जी मी, कोणी अंदर घुसूच देऊन नाही राहिलं." तिने वाकून पोराला उचललं, पटापट मुके घेतले आणि हसून मुकुंदकडे पाहिलं. "माह्यासाठी उठले काय जी? काहून पण? जागा हाय ना. बसा, बसा."

मुकुंदने हातातली पिशवी पाठीमागे धरली. "बाई, असं कोणाच्याही हातात... ओळख ना पाळख..."

"मंग काय करू? रुमाल टाकला तं लोकं उचलून फेकतेत जी," ती म्हणाली. "पोराले कोण फेकते?"

रुपराव खिडकीबाहेर बघू लागले.

बाईने खालचा रुमाल उचलला, नीट झटकला, खिडकीपाशी मुकुंदच्या जागेवर पसरला आणि वर हात ठेवला. सावनेर येईपर्यंत चौघांनी ती जागा मागितली. "थे भाऊची हाय," म्हणून तिने कोणालाच बसू दिलं नाही.

भाऊ दांडी धरून उभाच होता.