उष्टा कप

मुलीला बघायला आलेले पाहुणे जिना उतरले तशी हेमलतानं ट्रेमधला हिरव्या काठाचा कप उचलला. घोटाळा नको म्हणून मुलाला मुद्दाम तोच दिला होता. तळाशी उरलेल्या चहात तिनं पट्टी बुडवली. हल्ली घरोघरी पत्रिकेआधी मुलाचा उष्टा कप बघत. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरची खूण लाळेतल्या रेणूंमध्ये दोन-तीन वर्षं आधीच उमटायची. ती ओळखणारी पट्टी औषधाच्या दुकानात मिळत होती. ती खूण पुसणारं औषध मात्र अजून कुठंच नव्हतं.

पट्टी काळी पडली.

"एवढं गुणी पोर!" ती हळहळली. पण पोटच्या पोरीला जाणूनबुजून खाईत कोण लोटणार? नकार कळवायचा, बस.

तेवढ्यात तोंडातली सुपारी गालात सारत तिचा नवरा, विलास, आत आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"मला तर मुलगा पसंत आहे बुवा! चहा घेत नाही, पण तुला वाईट वाटेल म्हणून बिचारा नुसता कप धरून बसला होता. तोंडसुद्धा लावलं नाही. तू बडीशेप आणायला आत गेलीस, तेवढ्यात मीच संपवला त्याचा चहा."

हेमलतानं पट्टी मुठीत दाबली.

"मग, कळवू ना होकार?"

"कळवा," ती कपाकडे बघत म्हणाली. "आणि अहो... मुहूर्त जवळचाच धरा."